वैद्य गार्सिया द ओर्ता

गिरणा खोऱ्यातील आमच्या कळवण गावी आठवड्याचा बाजार भरला म्हणजे पश्चिमेकडील डोंगरपाड्यांतून माणसे टोपल्या घेऊन येतात. कोणाच्या टोपलीत चिंच असते, कोणाच्या टोपलीत आवळे, तर कोणाजवळ बेहड्याची फळे असतात. एखादी वृद्ध बाई फडक्यावर मुळ्या आणि साली मांडून बसलेली दिसते. कोणत्या सालीचा काढा कोणत्या विकारावर द्यावा, हे ती तोंडपाठ सांगते. तिने ते कोणत्याही ग्रंथात वाचलेले नसते. तिच्या आजीने ते तिच्या आईला दाखविले, आईने तिला दाखविले, एवढाच तिचा ग्रंथ!

या बाजारातून जाताना माझ्या मनात पुष्कळदा एका परदेशी वैद्याचे नाव येते. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी तो गोव्याच्या बाजारात असाच हिंडत असे. तो मोठ्या विद्यापीठांत शिकलेला होता. लॅटिन भाषेचा पंडित होता. तरीही प्रत्येक टोपलीपाशी थांबून तो विचारी, 'हे काय आहे? याला तुम्ही काय म्हणता? हे कोठे उगवते? कशासाठी वापरता?' त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ताची कथा समजण्यासाठी प्रथम त्या काळाचा युरोप पाहिला पाहिजे. इसवी सनाच्या पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि पोर्तुगाल ही दोन राज्ये समुद्रमार्गे नवे देश शोधण्यासाठी धडपडत होती. मिरी, दालचिनी, लवंग, सुंठ या पदार्थांना युरोपात फार मोठी किंमत येई. हा माल अरब व व्हेनिसचे व्यापारी यांच्या हातांतून जात असल्यामुळे तो अधिकच महाग पडे. तो जेथे पिकतो तेथेच आपली जहाजे नेली तर अमाप लाभ होईल, हे या राजांनी हेरले होते. 1492 साली स्पेनच्या राजाराणीच्या आश्रयाने कोलंबस पश्चिमेकडे निघाला आणि अमेरिका खंडाच्या बेटांना जाऊन लागला. 1497 साली पोर्तुगालच्या राजाने वास्को द गामास पाठविले आणि तो आफ्रिकेला वळसा घालून पुढील वर्षी कालिकतला पोहोचला.

ही झाली त्या काळाची उजळ बाजू. परंतु त्याच दोन सालांची एक काळोखी बाजूही आहे. 1492 सालीच स्पेनच्या त्याच राजाराणीने आज्ञा काढली की, ज्यू लोकांनी एक तर ख्रिस्ती व्हावे, नाही तर देश सोडावा. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली सहस्रावधी कुटुंबे घरदार टाकून निघाली. पुष्कळ जण शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. तेथेही त्यांना फार दिवस शांतता लाभली नाही. 1497 साली, म्हणजे गामाची जहाजे निघाली त्याच वर्षी, पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावयास लावला. या लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. ते चर्चमध्ये जात; परंतु शेजाऱ्यांची संशयी दृष्टी त्यांचा पाठलाग सोडत नसे. एका हाताने नव्या जगाची दारे उघडणारे राजे दुसऱ्या हाताने आपल्याच प्रजेला घराची दारे बंद करीत होते.

अशाच एका स्पेनमधून आलेल्या कुटुंबात, 1501 सालच्या सुमारास, पोर्तुगालमधील कास्तेलो द विद या सीमेजवळच्या गावी गार्सियाचा जन्म झाला. मुलगा बुद्धिमान होता. त्याने स्पेनमधील सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्याने काही काळ रुग्णांवर उपचार केले आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. मान होता, पोटापाण्याची सोय होती. परंतु नव्या ख्रिस्त्यांवर कोणते संकट केव्हा कोसळेल, याचा भरवसा नव्हता. 1534 सालच्या मार्च महिन्यात मार्तिम आफोन्सो द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून गार्सिया जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचला. त्यानंतर दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय स्थापन झाले. गार्सिया पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही.

गोवा 1510 साली पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून जिंकून घेतला होता. ओर्ता आला त्या वेळी दक्षिणेत निजामशाही, आदिलशाही, विजयनगर अशी बलाढ्य राज्ये नांदत होती. आपल्या नाशिकच्या मुलखाचा बराच भाग निजामशाहीत होता, आणि कळवणच्या उत्तरेस बागलाणात राठोड राजांची सत्ता होती. प्रारंभीची काही वर्षे ओर्ता सोझाबरोबर मोहिमांवर हिंडला. वसई पोर्तुगीजांच्या हाती आली तो काळ त्याने पाहिला. पुढे तो गोव्यात स्थायिक झाला. राज्यपालांपासून सामान्य माणसांपर्यंत अनेकांवर त्याने उपचार केले. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा याच्याशी तर त्याचा चांगला स्नेह जुळला. निजामशहाच्या दरबारात अरबी आणि फारसी ग्रंथ जाणणारे हकीम होते. पोर्तुगीज वैद्य आणि दख्खनचे हकीम एकत्र बसून औषधांची चर्चा करीत. राजकारणात ज्यांची राज्ये एकमेकांशी कधी तह, तर कधी युद्ध करीत होती, ती माणसे विद्येच्या बैठकीत एका पंगतीला बसत होती.

मुंबईशीही ओर्ताचा संबंध आला. आजची अफाट मुंबई त्या वेळी बेटांचा एक लहानसा समूह होती. कोळी लोकांची वस्ती, नारळीची झाडे आणि भोवती समुद्र, असे तिचे रूप होते. 1554 सालच्या सुमारास पोर्तुगीज राज्यपालाने मुंबईचे बेट ओर्ताला खंडाने दिले. तेथे त्याचे घर व बाग होती. त्या बागेत वर्षातून दोनदा फळणारे एक आंब्याचे झाड होते आणि त्याचा त्याला मोठा अभिमान वाटे. पुढे इंग्रजांनी ज्या ठिकाणी आपला किल्ला बांधला, त्याच ठिकाणी ओर्ताचे घर होते, असे मानतात.

सुमारे तीस वर्षे पाहिलेले, ऐकलेले आणि अनुभवलेले ओर्ताने एका ग्रंथात मांडले. हा ग्रंथ 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. भारतातील पहिला छापखाना 1556 साली गोव्यातच आला होता. तेव्हा भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या मोजक्या पुस्तकांत या ग्रंथाची गणना होते. मुद्रक नवखा असावा. कारण पुस्तकात चुका इतक्या राहिल्या की, शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले! याच ग्रंथात लुईश द कामोइंश या पोर्तुगीज कवीची एक कविता आहे. पुढे पोर्तुगालचा महाकवी म्हणून ज्याची कीर्ती झाली, त्या कवीची छापून आलेली ती पहिली कविता होय.

ग्रंथाचे नाव लांबलचक आहे. त्याचा अर्थ 'भारतातील औषधी वनस्पती व द्रव्ये यांविषयीचे संवाद' असा होतो. त्यात 59 संवाद आहेत. हिंग, कापूर, वेलदोडा, लवंग, सुंठ, हळद, आंबा, फणस, नारळ, विड्याचे पान, अफू, भांग, धोत्रा, चंदन अशा अनेक पदार्थांची माहिती त्यांत आली आहे. संवाद मुख्यतः दोघांत चालतो. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा वैद्य. रुआनो हा कल्पित आहे. तो नुकताच युरोपातून आलेला आहे. त्याला सर्व प्राचीन ग्रंथ मुखोद्गत आहेत. परंतु ज्या झाडांविषयी तो बोलतो, ती झाडे त्याने कधी पाहिलेली नाहीत. तो सारखा विचारतो की, ग्रीक आचार्यांनी तर असे लिहिले आहे, मग तुम्ही निराळे कसे सांगता? आणि ओर्ता त्याला प्रत्यक्ष वस्तूच दाखवतो. रुआनोच्या रूपाने ओर्ताने आपलेच तरुणपण समोर बसविले आहे, असे वाटते. विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला ओर्ता रुआनोसारखाच नव्हता काय?

त्या काळी युरोपातील वैद्यकविद्या गॅलन, डायोस्कोरिडीझ इत्यादी प्राचीन आचार्यांच्या ग्रंथांवर उभी होती. त्यांनी लिहिले ते अखेरचे सत्य, अशी विद्वानांची श्रद्धा असे. आपल्याकडे याच वृत्तीला 'बाबा वाक्यं प्रमाणम्' असे म्हणतात. परंतु ते आचार्य कधी भारतात आले नव्हते. भारतातील पदार्थांविषयी त्यांनी प्रवाशांकडून ऐकलेलेच लिहिले होते. ओर्ता नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगतो की, मी स्पेनमध्ये असतो तर या आचार्यांविरुद्ध एक शब्दही काढण्याचे धाडस मला झाले नसते. येथे मात्र झाड माझ्या डोळ्यांसमोर उभे आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

एक उदाहरण पाहू. चिंच तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. अरब लोक तिला 'तमर हिंदी', म्हणजे 'हिंदुस्थानातील खजूर' म्हणत. या नावावरूनच युरोपातील कित्येक विद्वानांनी ठरवून टाकले होते की, चिंच हे एखाद्या खजुरीच्या झाडाचे फळ असावे! नाव ऐकले आणि झाडाची कल्पना केली. ओर्ताने चिंचेचे झाड पाहिले होते. त्याची बारीक पाने, पसरलेल्या फांद्या आणि शेंगा पाहिल्या होत्या. त्याने लिहिले की, खजुरीशी या झाडाचा काहीही संबंध नाही. आमच्या गावातील कोणत्याही मुलाने हे सहज सांगितले असते. परंतु मोठमोठ्या पंडितांना जे ठाऊक नव्हते, ते त्या मुलाला विचारावे, असे वाटण्यासाठीही मनाचा मोठेपणा लागतो.

रोगांच्या बाबतीतही ओर्ताची दृष्टी अशीच होती. आपल्या आजीच्या तोंडी 'मोडशी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ओर्ताच्या ग्रंथात हा शब्द आला आहे! एकाएकी उलट्या व जुलाब सुरू होतात, हातापायांत गोळे येतात, डोळे खोल जातात आणि कित्येकदा एका दिवसातच रोगी दगावतो, असे त्याने या रोगाचे वर्णन केले. येथील लोक याला मोडशी म्हणतात आणि पोर्तुगीज त्या शब्दाचा अपभ्रंश करतात, हेही त्याने नमूद केले. हा रोग म्हणजे पटकी. आशियातील पटकीचे एका युरोपीय वैद्याने केलेले हे अगदी पहिल्या वर्णनांपैकी एक आहे. या रोगाचे कारण सूक्ष्म जंतू आहेत, हे सिद्ध व्हावयास 1884 साल उजाडावे लागले. ते कार्य रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने ईजिप्त व कलकत्ता येथे केले. ओर्ताला कारण समजले नाही. परंतु जे दिसले ते त्याने जसेच्या तसे लिहून ठेवले. अचूक वर्णन ही संशोधनाची पहिली पायरी असते.

ओर्ताच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे मात्र नाही. काळी मिरी आणि पांढरी मिरी यांचे वेल निरनिराळे असतात, अशी त्याची समजूत होती. वस्तुतः दोन्ही एकाच वेलाची फळे होत. हिरवी फळे वाळविली की ती काळी पडतात, आणि पिकलेल्या फळांची साल काढली की पांढरी मिरी मिळते. जो इतरांच्या चुका दाखवितो त्याच्याही चुका पुढचे लोक दाखवितात. विद्या वाढते ती अशीच.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ओर्ताचे ज्ञान केवळ त्याचे एकट्याचे नव्हते. गोव्याचे वैद्य, निजामशाही दरबारातील हकीम, दूरदूरचे व्यापारी, बागेतील माळी, बाजारातील बायका या सर्वांनी त्याला माहिती दिली. मालूपा नावाचा एक हिंदू वैद्य त्याच्या ग्रंथात भेटतो. अंतोनिया नावाची दासी घरात येऊन पाहिजे ती वनस्पती आणून दाखविते. परंतु इतर कितीतरी जणांची नावे कोठेच उरली नाहीत. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी केरळात व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड 1678 साली प्रसिद्ध झाला. त्याने मात्र आपल्या साहाय्यकांची नावे ग्रंथातच छापली. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोकणी भाषिक वैद्य यांचे दाखले त्यात आहेत. या तिघांचा दाखला कोकणी भाषेत, नागरी लिपीत आहे. ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव सांगणे, हीदेखील सचोटीच होय.

आता या कथेचा दुःखद भाग सांगावयाचा आहे. ओर्ता गोव्यात असताना त्याची आई आणि बहिणीही तेथे येऊन राहिल्या होत्या. मायदेशातील छळापासून दूर, सात समुद्रांपलीकडे आपण सुरक्षित राहू, असे त्यांना वाटले असेल. परंतु 1560 साली गोव्यातही इन्क्विझिशनची स्थापना झाली. नवे ख्रिस्ती मनाने अजून ज्यूच आहेत की काय, याचा शोध सुरू झाला. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध, नातलग नातलगाविरुद्ध साक्ष देऊ लागले. पुढे गोव्यातील हिंदूंनाही या न्यायालयाची झळ लागली.

1568 साली ओर्ता मरण पावला. जिवंतपणी त्याला कोणी हात लावला नाही. परंतु त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. ती गुप्तपणे ज्यू धर्म पाळते, असा आरोप तिच्यावर ठेवला गेला, आणि 1569 साली गोव्यात तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्या चौकशीत, भाऊही मनाने ज्यूच होता, असे निष्पन्न झाल्याचे न्यायाधीशांनी ठरविले. मग 1580 साली त्यांनी काय करावे? मरून बारा वर्षे झालेल्या ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढल्या आणि त्याही जाळल्या! ज्याने अनेकांचे प्राण वाचविले, त्याला मरणानंतरही शांतता मिळू दिली नाही. गोव्याचे इन्क्विझिशन कायमचे बंद झाले ते 1812 साली.

ज्यांनी त्या अस्थी जाळल्या, त्यांना वाटले असेल की, आता या माणसाची खूण उरली नाही. परंतु ओर्ताचे काम तोपर्यंत त्यांच्या हातांबाहेर गेले होते. क्लुसियस या विद्वान वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती त्याच्या ग्रंथाची प्रत पोर्तुगालमध्ये पडली. त्याने तिचा लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि तो 1567 साली अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला. म्हणजे ओर्ता हयात असतानाच त्याचे ज्ञान युरोपभर पसरू लागले होते. पुढे इटालियन, फ्रेंच अशा भाषांत त्याची भाषांतरे झाली. गोव्याच्या बाजारातील एखाद्या बाईने सांगितलेली गोष्ट युरोपातील विद्यापीठांत वाचली जाऊ लागली.

आज पणजी शहरात चर्चसमोर एक सार्वजनिक उद्यान आहे. ते गार्सिया द ओर्ताच्या नावाने ओळखले जाते. ज्याला थडग्यातही जागा उरली नाही, त्याच्या स्मृतीला झाडांच्या सावलीत जागा मिळाली. झाडांवर प्रेम करणाऱ्या माणसाचे याहून योग्य स्मारक दुसरे कोणते असणार?

मुलांनो, पुढच्या वेळी बाजारात गेलात की त्या वृद्ध बाईच्या फडक्यापाशी क्षणभर थांबा. एखादी मुळी हाती घ्या आणि तिला विचारा, 'आजी, हे काय आहे? कोठे मिळते?' ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा, आणि शेजारी तिचे नावही लिहा.

शब्दार्थ

अमाप – मोजता येणार नाही इतका
मुखोद्गत – तोंडपाठ
खंडाने देणे – ठराविक रक्कम घेऊन जमीन उपभोगण्यास देणे
अपभ्रंश – शब्दाचे बिघडलेले रूप
पटकी – कॉलरा
संक्षेप – थोडक्यात केलेली मांडणी
अस्थी – हाडे
शुद्धिपत्र – पुस्तकातील चुका व त्यांची दुरुस्ती सांगणारे पान

स्वाध्याय

1. '1492 व 1497 या दोन सालांना दोन बाजू आहेत', असे लेखकाने का म्हटले आहे?
2. रुआनो हे पात्र कल्पून ओर्ताने काय साधले?
3. चिंचेविषयी युरोपीय विद्वानांची चूक कशामुळे झाली? ओर्ताने ती कशी सुधारली?
4. ओर्ताला मोडशीचे कारण कळले नाही, तरी त्याच्या वर्णनाचे महत्त्व का आहे?
5. ओर्ता आणि व्हान ऱ्हेडे यांच्या ग्रंथांत साहाय्यकांच्या उल्लेखाबाबत कोणता फरक दिसतो?
6. संदर्भ देऊन स्पष्ट करा : 'ओर्ताचे काम तोपर्यंत त्यांच्या हातांबाहेर गेले होते.'

भाषाभ्यास

1. पुढील वाक्प्रचार व म्हण यांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : हेरणे, झळ लागणे, हातच्या कांकणाला आरसा कशाला.
2. 'सहस्रावधी', 'पिढ्यान्‌पिढ्या', 'दूरदूर' यांसारखे आणखी प्रत्येकी दोन शब्द लिहा.
3. 'जो इतरांच्या चुका दाखवितो त्याच्याही चुका पुढचे लोक दाखवितात.' या वाक्यातील मुख्य वाक्य व गौण वाक्य ओळखा.

उपक्रम

आपल्या गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून पाच औषधी वनस्पतींची माहिती मिळवा. स्थानिक नाव, उगवण्याचे ठिकाण, पानाचे चित्र आणि माहिती देणाऱ्याचे नाव अशा चार गोष्टी लिहा. कोणतीही वनस्पती जाणत्या माणसाला विचारल्यावाचून तोंडात घालू नका.